आवाळू

उजव्या पायाच्या पाठीवर
चपलेचा पट्टा बसतो, नेमकं तिथंच आलं.
आधी मिठाच्या खड्याएवढं,
मग आवळ्याच्या बीएवढं.
पावसाळ्यात थोडं ओसरलं म्हणून मी कुणाला बोलले नाही.
मार्गशीर्षात आगर सुरू झालं
आणि ते सुपारीएवढं होऊन बसलं,
भाटकाराच्या जागेत आम्ही मुंडकार बसलो तसं,
शांतपणे,
आपलंच घर असल्यासारखं.

आगरवाड्यात मिठाची जमीन पायांनी बसवतात.
काठाकडून मध्ये, टाच दाबत,
चिखलात आपलं तोंड दिसेपर्यंत.
कुठं उंचवटा राहिला तर तिथलं मीठ काळं येतं.
एकतीस वर्षं मी उंचवटे हुडकून बसवले.
हा एक बसेना.
दाबला की बाजूला सरके,
हात काढला की जागेवर.

धाकट्या जावेनं चुना-हळद लावली.
दीर म्हणाला, घोड्याचा केस घट्ट बांध, आपोआप झडेल.
घोडा कुठून आणायचा ते नाही सांगितलं.
शेजारची पिएदाद तिच्या बापाचं पुस्तक घेऊनच आली,
तो म्हापशाच्या कोर्टात कारकून होता,
पोर्तुगेज कायद्याचं, काळ्या चामड्यातलं,
अर्धं वाळवीनं खाल्लेलं, तरी दोन शेर भरेल.
"एकच फटको गे बाय. पायच्या मनगटावरचं असंच फोडलेलं."

मी पाय आखडून घेतला.
आमच्यात पुस्तकाला चुकून पाय लागला
तर पुस्तक कपाळाला लावतात.
आणि हे मुद्दाम?
पिएदाद पुस्तकाकडं बघत राहिली, मग माझ्या पायाकडं.
"कुणाचा अपमान होणार, तेच कळेना," म्हणाली.
मग आम्ही त्याच पुस्तकावर कप ठेवून चहा प्यायलो.

तुयेच्या दवाखान्यात डॉक्टरीण लहानखुरी, लवंदे नावाची.
तिनं खोलीतली ट्यूब बंद केली,
मोबाइलची बॅटरी गाठीला कडेनं टेकवली
आणि गाठ उजळली.
आख्खी.
सकाळी साडेसहाला कोंडीतलं पाणी उजळतं तशी, तांबूस.
"बघा, उजेड आरपार जातोय. आत पाणीच आहे, दाट.
सांध्याला वंगण असतं ना, तेच पिशवी करून वर आलंय.
वाईटातलं वाटत नाही."

वाईटाचं मी विचारलंच नव्हतं.
आईच्या छातीतल्या गाठीला
कुणी उजेड लावून बघितलं नव्हतं.
तिनं पदर काढला नाही, आणि आम्ही काढू दिला नाही.

"पुस्तक मारून घेतलंत का?"
"नाही."
"बरं केलंत. हाड दुखावतं, आणि पिशवी पुन्हा भरतेच."

सुई गेली तेव्हा मी भिंतीवरचं लसीचं चित्र बघत होते.
नळीत आलं ते पाण्यासारखं नव्हतं,
कोवळ्या ताडगोळ्याच्या पोटातल्यासारखं,
नितळ, ओढलं तर तार धरेल असं.
मला एकदम वाटलं, जिभेला लावून बघावं.
इतकी वर्षं खाऱ्यात पाय,
आतलंही खारट झालं असेल का?
विचारलं नाही. वेडी म्हणाली असती.
तिनं ते बाटलीत भरून तपासायला पाठवलं.

"परत येईल कदाचित. पुष्कळांना येतं.
दुखलं, बोटांना मुंग्या आल्या, तर या; म्हापशाला कापून काढतील.
नाही दुखलं तर असू दे.
तेवढी चपल मात्र बदला."

चपल बदलली. आता पट्टा दोन बोटं खाली बसतो.
तपासणीत काही निघालं नाही.
पिएदादनं पुस्तक नेलं, आमच्या कपांची दोन वर्तुळं घेऊन.

चैत्र संपत आला. मिठाचे ढीग झावळ्यांनी झाकून झाले.
काल रात्री पाय धुताना बोटाला लागलं,
खड्याएवढं.
दिवा मालवला, बॅटरी टेकवली, वाकून बसले.
घरधनी अंधारातून म्हणाला, काय हुडकतेस?
म्हटलं, काही नाही.
मानशीचं दार नीट लागलं होतं ना,
भरतीचं पाणी आत आलंय की काय, बघते.